गप्पा राजकारणाच्या, अभ्यास कुणाचा?

२०२४ ची विधानसभा निवडणूक झाल्यानंतर महिनाभर मला एकच प्रश्न सारखा विचारला जात होता : "तू सॉफ्टवेअरमधला आहेस, खरं सांग, मशीन हॅक होतं का?" पुण्यातले ऑफिसातले मित्र विचारत होते, गावाकडून फोनवर चाचा-मामू विचारत होते. त्याला कारणही तसंच होतं. मी मूळचा माळशिरस तालुक्यातला, आणि आमच्या तालुक्यातल्या मारकडवाडीचं नाव त्या दिवसांत देशभर गाजत होतं.

काय घडलं होतं ते थोडक्यात सांगतो. २३ नोव्हेंबर २०२४ ला निकाल लागला. माळशिरसमधून राष्ट्रवादी काँग्रेस (शरद पवार) पक्षाचे उत्तमराव जानकर १३ हजारांहून जास्त मतांनी निवडून आले. पण मारकडवाडीत भाजपचे राम सातपुते यांना १००३ आणि जानकरांना ८४३ मतं दिसली. जानकरांच्या गावातल्या समर्थकांना हा आकडा पटला नाही. त्यांनी ठरवलं, ३ डिसेंबरला गावात आपणच मतपत्रिकेवर मतदान घ्यायचं आणि आकडे ताडून बघायचे. प्रशासनाने जमावबंदी लावली, पोलीस आले आणि ते मतदान झालंच नाही. पुढे नेते आले, सभा झाल्या, गुन्हे दाखल झाले.

माझं उत्तर लोकांना निराश करायचं. मी सांगायचो, बाबांनो, तुमचा प्रश्न निम्माच माझ्या विषयातला आहे. मशीनच्या आत काय चालतं हे एक. पण मतदान संपल्यावर केंद्राध्यक्ष पोलिंग एजंटला फॉर्म १७-सी ची प्रत देतो, त्यात त्या केंद्रावर किती मतं नोंदली गेली ते लिहिलेलं असतं. तुमच्या एजंटने ती घेतली का? मोजणीनंतर फॉर्म २० मध्ये केंद्रवार आकडे येतात, ते कुणी मांडून बघितले का? व्हीव्हीपॅटच्या चिठ्ठ्या प्रत्येक विधानसभा मतदारसंघातल्या फक्त पाच केंद्रांच्या मोजल्या जातात, हा आकडा २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने ठरवला, हे माहीत आहे का? आणि २६ एप्रिल २०२४ च्या निकालात कोर्टाने मतपत्रिकेवर परत जायला नकार दिला, पण पाच टक्के मशीन तपासून घेण्याची वाट ठेवली. ती कुणासाठी? तर दुसऱ्या आणि तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवारासाठी, निकालानंतर सात दिवसांच्या आत.

इथे मारकडवाडीची खरी गंमत आहे. शंका होती जिंकलेल्या उमेदवाराच्या समर्थकांना. तपासणी मागायचा हक्क होता हरलेल्याला. निवडणूक याचिका ४५ दिवसांत हायकोर्टात कुठलाही मतदार करू शकतो, पण ती असते निवडून आलेल्याच्या विरोधात. मग "आम्ही दाबलं ते बटण तिकडेच गेलं का?" एवढंच ज्याला विचारायचंय, त्या साध्या मतदाराने कुठलं दार ठोठवायचं? निवडणुकीवर विश्वास बसावा यासाठी मतदाराला स्वतःला किती पडताळता आलं पाहिजे?

हा प्रश्न जगात विचारला गेलेला आहे. ३ मार्च २००९ ला जर्मनीच्या घटनात्मक न्यायालयाने त्यांच्याकडे २००५ च्या निवडणुकीत वापरलेली मशीन घटनाबाह्य ठरवली. घोटाळा सापडला म्हणून नव्हे. निवडणुकीचे महत्त्वाचे टप्पे तांत्रिक ज्ञान नसलेल्या साध्या नागरिकालाही तपासता आले पाहिजेत, हे तत्त्व त्यांनी लावलं. म्हणजे मतदाराला माझ्यासारख्या इंजिनिअरच्या तोंडाकडे बघायची वेळ येऊ नये. आपल्या सुप्रीम कोर्टाने वेगळा विचार केला, त्याचीही कारणं आहेत. दोन्ही बाजू वाचून, तोलून मत बनवायचं असतं. या कामाला एक विषय आहे. त्याचं नाव राज्यशास्त्र.

आणि माझं म्हणणं एवढंच आहे की आपण मुसलमान दिवसरात्र राजकारणावर बोलतो, पण हा विषय शिकायला आपल्या घरातलं एकही मूल पाठवत नाही. बारावीला चांगले मार्क पडले की इंजिनिअरिंग, फार्मसी, जमलंच तर मेडिकल. मार्क कमी पडले की आर्ट्स, आणि आर्ट्समध्ये उरलेला विषय म्हणून राज्यशास्त्र. मी इंजिनिअर झालो याचा मला आनंद आहे, त्याने घर उभं राहिलं. पण सगळा समाज मशीन दुरुस्त करायला शिकला आणि मशीन कुणाच्या हुकमावर चालतं ते कुणीच शिकलं नाही, तर आपण कायम दुसऱ्याला विचारत बसणार.

हे हवेतलं बोलणं नाही. राज्यशास्त्राचं अर्धं पुस्तक आमच्या माळशिरस तालुक्यातच उघडं पडलंय.

पहिला धडा मतदारसंघाचा. २००८ च्या पुनर्रचनेत माळशिरस विधानसभा अनुसूचित जातींसाठी राखीव झाली आणि २००९ पासून तशीच आहे. हे आरक्षण योग्य आहे. ते शतकांच्या अन्यायावरचं उत्तर आहे, त्यावर माझा आक्षेप नाही. पण त्यामुळे माळशिरसच्या मुस्लिम तरुणाला आपल्या घरच्या मतदारसंघातून विधानसभा लढवता येत नाही. त्याला राज्यातल्या दुसऱ्या खुल्या मतदारसंघातून लढता येतं, कारण कायद्याने त्याचं नाव राज्यातल्या कुठल्याही मतदारयादीत असलं की पुरतं. किती जणांना हे माहीत आहे? आणि मुस्लिम समाजातल्या मेहतरासारख्या जातींना अनुसूचित जातींत जागा का नाही? १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशात धर्माची अट आहे. ती १९५६ मध्ये शिखांसाठी आणि १९९० मध्ये बौद्धांसाठी शिथिल झाली, मुस्लिम आणि ख्रिश्चनांसाठी नाही. रंगनाथ मिश्रा आयोगाने २००७ मध्ये ती अट काढायची शिफारस केली. २०२२ मध्ये केंद्राने के. जी. बालकृष्णन यांचा आयोग नेमला. बदलाला विरोध करणाऱ्यांत काही दलित संघटनाही आहेत, आणि आहे त्याच वाट्यात आणखी भागीदार येतील ही त्यांची भीती खोटी म्हणून झटकता येणार नाही. अशा प्रश्नावर घोषणा देणारे भरपूर मिळतात. दोन्हीकडचा मुद्दा मांडू शकणारे चार जण आपल्या तालुक्यात शोधून दाखवा.

दुसरा धडा आकड्यांचा. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात मुस्लिम साडेअकरा टक्के आहेत. २०२४ च्या विधानसभेत २८८ पैकी मुस्लिम आमदार १०. त्याच वर्षी लोकसभेत राज्याच्या ४८ खासदारांत मुस्लिम एकही नाही. हे ऐकलं की आपण म्हणतो, "पक्ष तिकीट देत नाहीत." ते खरंच आहे, पण पुरतं खरं नाही. आपल्याकडे ज्याला सगळ्यांत जास्त मतं तो जिंकतो, बाकीची मतं वाया. अशा पद्धतीत एखादा समाज सगळीकडे थोडाथोडा विखुरलेला असेल, तर त्याचे उमेदवार निवडून येणं अवघड जातं. हे सगळं संविधान सभेत बोललं गेलंय. मध्य प्रांत-वऱ्हाडातून आलेले काझी सय्यद करीमुद्दीन यांनी जानेवारी १९४९ मध्ये प्रमाणशीर प्रतिनिधित्वाची दुरुस्ती मांडली होती. डॉ. आंबेडकरांनी तिला विरोध केला. साक्षरता कमी असलेल्या देशात ती पद्धत अवघड जाईल आणि सरकार स्थिर राहणार नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. दुरुस्ती फेटाळली गेली. आपल्याच राज्याच्या मातीतला हा माणूस, त्याचं नाव आपल्यापैकी कितींनी ऐकलंय? ती भाषणं इंटरनेटवर फुकट वाचायला मिळतात.

तिसरा धडा आरक्षणाचा. ९ जुलै २०१४ ला राज्य सरकारने मराठा समाजाला १६ टक्के आणि मुस्लिम समाजातल्या मागास गटांना ५ टक्के आरक्षणाचे अध्यादेश काढले. १४ नोव्हेंबरला मुंबई हायकोर्टाने मराठा आरक्षणाला स्थगिती दिली, मुस्लिमांचं नोकऱ्यांतलं आरक्षणही थांबवलं, पण शिक्षणातलं चालू ठेवलं. म्हणजे कोर्टात आपण अर्धी बाजी राखली होती. मग ते ५ टक्के गेले कुठे? अध्यादेश हा कायदा नसतो. अधिवेशन सुरू झाल्यापासून सहा आठवड्यांत त्याचा कायदा झाला नाही तर तो आपोआप संपतो. डिसेंबर २०१४ मध्ये तो संपला. दरम्यान सरकार बदललं होतं, नव्या सरकारने मुस्लिम आरक्षणाचं विधेयक आणलं नाही. कोर्टाने काढून घेतलं नाही, मोर्चा मोडून काढून घेतलं नाही. कॅलेंडरच्या पानाबरोबर ते गळून पडलं. त्या सहा आठवड्यांत कुठल्या आमदाराला काय विचारायचं, हे सांगणारा आपल्यात कुणी असता तर आरक्षण वाचलंच असतं असं मी म्हणत नाही. पण निदान विचारलं तर गेलं असतं.

आता आक्षेपांकडे येऊ. पहिला आक्षेप घराघरात ऐकू येतो. माझ्या चुलतबहिणीने बारावीनंतर राज्यशास्त्र घेऊन बीए करायचं म्हटलं, तेव्हा मोठ्या अम्मीचा सवाल होता : "ये पढके नोकरी कौन देगा?" सवाल रास्त आहे, त्याला उडवून लावू नये. खरं सांगायचं तर प्राध्यापकीचा रस्ता आज खडतर आहे. नेट-सेट होऊनही तासिका तत्त्वावर वर्षानुवर्षं काढणारे लोक आपण बघतो. पण रस्ता तेवढा एकच नाही. २०२५ पासून एमपीएससीची राज्यसेवा मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाली, यूपीएससीसारखे वैकल्पिक विषय आले, त्यात राज्यशास्त्र आहे. पदवीनंतर तीन वर्षांचं एलएलबी आहे. पत्रकारिता आहे, सर्वेक्षण संस्था आहेत, सामाजिक संस्था आहेत, आमदार-खासदारांसाठी धोरणाचा अभ्यास करून देण्याचं काम आहे. इंजिनिअरिंगची पदवीही हातात नोकरी देतेच असं नाही, हे आपल्या मोहल्ल्यातल्या घरांना वेगळं सांगायला नको.

दुसरा आक्षेप कुणी मोठ्याने बोलत नाही. तो भीतीचा आहे. "आपल्या पोरांनी राजकारणापासून लांबच राहावं. शिकावं, कमवावं, गप घरी यावं." ही भीती मला समजते. २ जून २०१४ ला पुण्यात हडपसरला मोहसीन शेखला जमावाने मारलं. तो सोलापूरचा, आयटीत नोकरी करणारा. ज्या फेसबुक पोस्टवरून शहर पेटलं तिच्याशी त्याचा काही संबंध नव्हता. जानेवारी २०२३ मध्ये कोर्टाने आरोपींची पुराव्याअभावी निर्दोष मुक्तता केली. पुण्यात नोकरी करणारा सोलापूर जिल्ह्यातला कुठलाही मुस्लिम इंजिनिअर हे नाव विसरू शकत नाही. पण त्याच्या मृत्यूने आपल्याला शिकवलं ते उलटं आहे. तो राजकारणापासून लांबच होता. शिकत होता, कमवत होता. राजकारण त्याच्यापर्यंत चालत आलं. राज्यशास्त्र शिकल्याने जीव वाचतो असा खोटा भरवसा मी देणार नाही. पण एफआयआरमध्ये काय लिहिलं गेलं, साक्षीदार का फुटतात, सरकारी वकील कोण नेमतो, अपील करायचं की नाही हे कोण ठरवतं, हे कळणारी माणसं एखाद्या समाजात असली, की त्या समाजाचं दुःख नुसतं रडण्यावर संपत नाही.

तिसरा आक्षेप स्वतः विद्यार्थ्यांचा असतो. वर्गात गाइड वाचून दाखवतात, परीक्षेत तेच पाच प्रश्न येतात, त्यात शिकायचं काय? हे बऱ्याच ठिकाणी खरं आहे. म्हणूनच तुमच्यासारखे, प्रश्न विचारणारे विद्यार्थी त्या वर्गात जायला हवेत. आणि विषय वर्गापुरता नाही. सोलापुरात जन्मलेल्या य. दि. फडक्यांचे 'विसाव्या शतकातील महाराष्ट्र' चे खंड वाचा. राजेंद्र व्होरा आणि सुहास पळशीकर यांचं 'महाराष्ट्रातील सत्तांतर' वाचा. मग आपल्या तालुक्याकडे बघा. माळीनगरला १९३२ साली शेतकऱ्यांनी कंपनी काढून उभी केलेली सासवड माळी शुगर फॅक्टरी आहे, अकलूजला सहकारी साखर कारखाना आहे. इथे ऊस, पाणी, सोसायटी आणि सत्ता एकाच वाटेने चालतात, हे पुस्तकातून नव्हे, डोळ्यांनी दिसेल.

आपल्याकडे या विषयात माणसं झाली नाहीत असंही नाही. प्रा. फक्रुद्दीन बेन्नूर सोलापूरच्या संगमेश्वर महाविद्यालयात राज्यशास्त्र शिकवत. २०१८ साली ते गेले. मुसलमान म्हणजे एकगठ्ठा, एका साच्याचा समाज ही समजूत त्यांनी आयुष्यभर खोडून काढली. बागवान, अत्तार, तांबोळी, पिंजारी, मुलाणी हे सगळे इथल्याच गावगाड्यातून आलेले, त्यांचे प्रश्न रोजीरोटीचे, हे त्यांनी लिहून आणि हिंडून सांगितलं. मुस्लिम ओबीसी चळवळीला त्यांनी वैचारिक बळ दिलं. १९९० साली सोलापुरात पहिलं मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरलं, त्याच्या उभारणीत त्यांचा पुढाकार होता. औरंगाबादला मराठवाडा विद्यापीठात मोईन शाकिर राज्यशास्त्राचे प्राध्यापक होते. खिलाफत ते फाळणी या काळातल्या मुस्लिम राजकीय विचारांवरचं त्यांचं पुस्तक आजही अभ्यासक वाचतात. आणि असगर अली इंजिनिअर तर नावानेच इंजिनिअर. स्थापत्य अभियंता म्हणून मुंबई महापालिकेत वर्षानुवर्षं नोकरी केली, मग ती सोडली आणि दंगली का होतात, कशा घडवल्या जातात याचा अभ्यास उभा केला.

अशा अभ्यासाचा मोहल्ल्याला उपयोग काय? माझ्या त्याच चुलतबहिणीने शेवटी बीएला राज्यशास्त्रच घेतलं. २०२४ च्या निवडणुकांआधी तिने गल्लीतल्या बायकांना बसवून मतदारयादी वाचून दाखवली. कुणाचं नाव माहेरच्याच यादीत, कुणाच्या नावाचं स्पेलिंग आधारशी जुळत नाही, कुणी अठरा पूर्ण होऊनही यादीत नाही. नवीन नावासाठी फॉर्म ६, दुरुस्तीसाठी आणि पत्ता बदलण्यासाठी फॉर्म ८.  तिने भाषण केलं नाही, फक्त फॉर्म भरून घेतले. मोठ्या अम्मीचा फॉर्मही तिनेच भरला.

म्हणून तरुण वाचकांना माझं सांगणं आहे. बारावीत असाल आणि हा विषय आवडत असेल, तर मार्क चांगले असूनही तो घ्या. उलट मार्क चांगले आहेत म्हणून घ्या. माझ्यासारखे नोकरीत अडकलेले असाल, तर यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ किंवा इग्नू यांचे घरबसल्या शिकण्याचे मार्ग बघा. मराठीतून लिहा, म्हणजे शेजारच्या मराठा, धनगर, बौद्ध, माळी मित्रालाही ते वाचता येईल.

जमातीतल्या कमावत्या लोकांनाही एक विनंती आहे. पीएचडी करणाऱ्या अल्पसंख्याक विद्यार्थ्यांची मौलाना आझाद फेलोशिप केंद्राने २०२२-२३ पासून बंद केली. बार्टी, सारथी, महाज्योती यांच्या धर्तीवर अल्पसंख्याकांसाठी 'मार्टी' स्थापन करायचा निर्णय राज्याने २०२४ मध्ये घेतला. तिला निधी किती मिळतो, तो खर्च कशावर होतो, हे विचारत राहायला हवं. आणि तोवर एखाद्या तालुक्यात राज्यशास्त्रात एमए करणाऱ्या एका मुलीची फी आपण चार जण मिळून भरू शकतो. इंजिनिअरिंगच्या एका वर्षाच्या फीपेक्षा ती फार कमी असते.

आणि ज्यांना कुठेच प्रवेश घ्यायचा नाही, त्यांनी एक काम करून बघावं. आपल्या गावातल्या विकास सोसायटीच्या, साखर कारखान्याच्या सभासद यादीत आपली नावं किती आहेत ते मोजा. बाजार समितीच्या मतदारयादीत किती, नगरपंचायतीच्या समित्यांवर किती, शाळा व्यवस्थापन समितीत किती, ग्रामसभेला किती जण जातात, तेही मोजा. वहीत लिहा, तारीख टाका. मग त्या आकड्यांपुढे "का?" असं लिहा. त्या एका शब्दाचं उत्तर शोधायला लागलात, की समजा तुमचा राज्यशास्त्राचा पहिला तास सुरू झाला.